मामांचं सरकारला गाऱ्हाणं

सरकारला दमवणारी माणसं फारशी जन्माला येत नाहीत. सरकारनं माणसांना दमवायचं, अशीच जगरहाटी आहे. पण सरकारला, सरकारच्या जीपवाल्याला, जीपमध्ये मागं बसलेल्या शिपायाला आणि त्या जीपमागून धापा टाकत जाणाऱ्या मला, अशा सगळ्यांना एकाच वेळी दमवणारा एक माणूस मी पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. लग्नात रिवाजाप्रमाणे ते हिच्या पाठीशी उभे होते. तोंडातून चकार शब्द नाही. मला वाटलं, चला, सासरच्या गोतावळ्यात एक तरी माणूस मितभाषी आहे! पुढं कळलं की मंगलाष्टकं चालू होती म्हणून ते गप्प होते. दुसऱ्याचं म्हणणं चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. मंगलाष्टकं संपली, शेवटच्या अक्षता पडल्या आणि मामा सुरू झाले. ते माझे केस पिकेपर्यंत थांबले नाहीत.

मामा मूळचे आमच्या कानडी मुलखातल्या सुप्याकडच्या एका खेड्यातले. ते खेडं आता धरणाच्या पाण्याखाली आहे. सरकारनं तिथली माणसं, गुरं, भांडी आणि देव असं सगळं ट्रकांत घालून रामनगरात आणून बसवलं. मी खानापूरकडचा, रामनगरच्या शाळेत कानडी शिकवायची नोकरी लागली म्हणून इथं आलो आणि मामांच्या हाकेच्या अंतरावर घर भाड्यानं घेतलं. तिथंच माझं स्वातंत्र्य संपलं. जुन्या गावात मामांच्या घराण्याकडं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान होता. गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे. सगळा गाव देवळात जमतो, एकजण पुढं उभा राहून सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक मागणीनंतर गाव एका सुरात म्हणतो, 'व्हय म्हाराजा!' या कामासाठी लागणारा आवाज मामांना देवानं सढळ हातानं दिला होता आणि संक्षेप नावाची गोष्ट द्यायला तो विसरला होता. देवळात ते शोभून दिसे. पण मामांना दुसऱ्या कोणत्याही पद्धतीनं बोलताच येत नसे, ही खरी पंचाईत होती. आमच्याकडं आले की उंबऱ्यात उभं राहून ते हिला म्हणत, "लेकी, ह्यो मामा उनाचा आलाय. घसा सुकलाय, डोस्कं तापलंय. तुज्या चुलीवर आदन असंल, डब्यात साखर असंल, त्यातला वाईच वाटा ह्या लेकराला मिळावा…" की आतल्या खोलीतून आमची कार्टी ओरडत, "व्हय म्हाराजा!" चहा कधीच उशिरा झाला नाही, पण तो मागणं संपेपर्यंत दोनदा उकळलेला असे.

रामनगरात आल्याआल्या लोकांना बसचा त्रास होता. लोंढ्याकडून येणारी सरकारी गाडी नव्या वस्तीपाशी थांबत नसे. माणसांना बोचकी घेऊन पुढच्या थांब्यापासून चालत यावं लागे. चार पुढारी अर्ज करून थकले. एके दिवशी मामा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. गाडी थांबली, तशी त्यांनी तिच्या बॉनेटवर नारळ ठेवला, डोक्यावरचा टॉवेल काढून खांद्यावर घेतला आणि डोळे मिटून सुरुवात केली. "बा म्हाराजा, तू लांबचा, तुला वाटा म्हायत, आमी नवी माणसं, आमाला अजून पानंदसुद्धा गावंना…" ड्रायव्हरला कळेना की हे आपल्याला चाललंय, गाडीला की परिवहन खात्याला. तो हॉर्न वाजवायला हात नेई आणि नारळाकडं बघून मागं घेई. मजा अशी की गाडीतल्या निम्म्या उतारूंना लहानपणापासूनची सवय. मामांचा आवाज जिथं उतरला तिथं ते खिडकीतून बोलून गेले, "व्हय म्हाराजा!" कंडक्टर धारवाडकडचा, देवभोळा. त्यानं खाली उतरून नारळाला नमस्कार केला आणि शिटी मारली. दुसऱ्या दिवसापासून गाडी तिथं थांबू लागली. मामांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "रीतसर मागितलं की कोण न्हाई म्हणत न्हाई."

हा 'रीतसर' शब्द मला पुढं फार महागात पडला. मामांच्या मते सरकार म्हणजे थोड्या लांब राहणारा देवच होता. त्याच्याकडं रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून जोयड्याच्या कचेरीत जाताना ते आमच्या भागात होणारा हातभर लांब, मातीनं माखलेला कंद काखोटीला मारून नेत. एका परमुलखातल्या तहसीलदाराला तो खायचा असतो हेच ठाऊक नव्हतं. त्यानं तो आदरानं कुंडीत लावला. पावसाळ्यात त्याचा वेल खिडकीतून आत शिरला, कपाटावर चढला, आणि देवमाणसानं दिलेला वेल तोडायला कचेरीतलं कुणी धजेना. तो तहसीलदार बदलून गेला, त्याच्या जागी दुसरा आला, वेल मात्र कायम झाला.

पण मामांचं खरं वेगळेपण पुढंच आहे. गाऱ्हाणं घालणाऱ्याला एक पथ्य असतं. त्यानं स्वतःसाठी काही मागायचं नाही. त्यानं गावाचं पीक मागावं, गावाची गुरं मागावीत, परक्या गावाला गेलेल्या लेकींचं सुख मागावं. आपलं म्हणून काही मागितलं की जिभेवरचा मान गेला. बहुतेक लोक हे पथ्य देवळापुरतं पाळत. मामांनी ते सरकारपाशीही पाळलं. वस्ती बसताना घरांच्या जागा वाटल्या, तेव्हा ते आठवडाभर कचेरीत उभे राहून विधवांच्या, म्हाताऱ्यांच्या, भावाभावांत भांडणं असलेल्यांच्या जागा मागत होते. सगळ्यांचं झाल्यावर जी उरली ती मामांची. ती नाल्याच्या काठाला होती. दर पावसाळ्यात नाला घरात येई आणि मामी घमेल्यानं पाणी बाहेर फेकता फेकता म्हणत, "अक्ख्या गावाचं मागून झालं. आता ह्या घराचं कोण मागणार? का मीच जाऊन हुबी ऱ्हाऊ देवाम्होरं?" मामा पाय वर घेऊन खाटेवर बसलेले असत. "तू मागू नगंस. पाणी आपसूक जातंय की." पाणी खरंच आपसूक जाई, दसऱ्याच्या सुमाराला.

मामांना एकच मुलगी, रुक्मा. तिचा नवरा गुंद गावाकडं जंगलखात्याच्या कामावर मजुरीला असे, म्हणून ती बहुतेक दिवस बापाकडंच राही. तिची मुलगी मंगल माझ्या शाळेत पहिलीत होती. मंगलनं आजोबांचा आवाज नाही, पण आवेश पुरता उचलला होता. शनिवारी सकाळी ती पाटी पोटाशी धरून वर्गात उभी राही आणि म्हणे, "बा मास्तरा म्हाराजा, आज शनिवार हाय, पोरं भुकेजलीत, घंटा वाईच आदी व्हावी," आणि सगळा वर्ग बोंबले, "व्हय म्हाराजा!" मी छडी शोधायचं नाटक करायचो आणि घंटा वाजवायला सांगायचो. त्या पोरीला नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही.

त्या मंगलला ताप येऊ लागला. पोर पांढरी पडत गेली. कुठं आपटल्यावाचून अंगावर निळे डाग उठू लागले. खानापूरच्या डॉक्टरांनी बेळगावला पाठवलं, बेळगावनं बेंगळूरला. कानडी बोलणारा माणूस हवा म्हणून मी बरोबर होतो. रक्ताचा कॅन्सर आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. एवढ्याशा पोराला कॅन्सर होतो हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या समजुतीत तो तंबाखू खाणाऱ्या म्हाताऱ्यांचा रोग होता. डॉक्टरांनी केलं ते सगळं मनापासून केलं. मंगल त्या वर्षीची दिवाळी बघू शकली नाही. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. निघताना रुक्मानं त्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "कशानं झालं?" डॉक्टर तरुण होते, जागरणानं डोळे लाल झालेले. म्हणाले, "कारण ठाऊक नाही, ताई. बाहेरच्या देशांत शोधतायत. आपल्याकडं अशा कामाला पैसा कोण देतो?" मी ते मराठीत सांगितलं. खरं तर सांगायची गरज नव्हती. कानडी आमच्याकडं सगळ्यांनाच समजतं.

डॉक्टरांना कारण ठाऊक नव्हतं, पण गावाला ठाऊक होतं. गावाला नेहमीच ठाऊक असतं. जुनं गाव उठलं तेव्हा रीत अशी होती की आधी देव निघायचा आणि त्याच्या मागून माणसं. पण त्या दिवशी रुक्मा दिवस भरलेली होती, रस्त्याची चाळण झाली होती, आणि पहिल्याच ट्रकात पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला जागा होती. देवाची पूजा लांबली होती. रुक्मा त्या ट्रकात चढली आणि देवाच्या आधी गावची शीव ओलांडून गेली. दोन दिवसांनी रामनगरात मंगल जन्मली. मंगल धडधाकट होती तोवर हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. ती गेल्यावर सगळ्यांना एकदम आठवलं. नळावर, चक्कीवर, हळदीकुंकवाला बायका आवाज खाली करून बोलत आणि रुक्मा आली की जास्तच खाली करत. वाईट मनानं बोलत होत्या असंही नाही. दुःखाला कारण मिळालं की ते आपल्या घरी येत नाही, असं माणसाला वाटतं. रुक्मा मात्र ते सगळं खरं धरून चालली. ती जेवे, राबे, पण कुणाच्या पोराला हात लावीनाशी झाली. हिनं एकदा आमच्या धाकट्याला तिच्या मांडीवर दिलं, तर तिनं ते परत केलं आणि म्हणाली, "नगं अक्का. माज्या हातचं चांगलं नसतंय." आणि रुक्माला त्या ट्रकात कुणी चढवलं होतं, हे कुणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. हाताला धरून मामांनीच चढवलं होतं.

मामांनी देवाला कौल लावला. ओल्या पाषाणावर फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "माज्या लेकीच्या चुकीनं झालं काय?" एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. आयुष्यातलं त्यांचं ते सर्वांत छोटं गाऱ्हाणं असावं. दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. गाव ताटकळत बसला, मग एकेक जण उठून गेला. दुसऱ्या दिवशी पाकळ्या तिथंच सुकलेल्या होत्या. लोक म्हणाले, देव रुसला. मामा माझ्याकडं आले, चहासुद्धा मागितला नाही, आणि म्हणाले, "मास्तर, देव लबाड न्हाई. त्येला म्हायत न्हाई, म्हणून त्यो गप ऱ्हायला. आता दुसरीकडं इचाराय पायजे." मी विचारलं, दुसरीकडं म्हणजे कुठं? मामा म्हणाले, "बेंगळूरला. त्यो डाक्टर काय म्हणला? शोधाय पैसा न्हाई. येवढं धरण बांदाय पैसा व्हता की! अक्का गाव पाण्यात घालाय व्हता. मग पोरांच्या रगतात काय बिगडतंय ते बघाय का नसावा? रीतसर मागू या."

त्या दिवसापासून माझे रविवार गेले. जोयडा तालुक्यात कुठलाही मंत्री आला, धरण बघायला, जंगल बघायला किंवा नुसताच सहकुटुंब हवा खायला, की मामा कंद आणि नारळ घेऊन सरकारी बंगल्यापाशी हजर, आणि शेजारी अर्थ सांगायला मी. मामांना बाजारात वांगी घासाघीस करून घेण्याइतकं कानडी उत्तम येई. पण ते म्हणत, "बाजाराची भाषा बाजारात. गाऱ्हाणं आईच्या भाषेत घालायचं." त्यांच्या गाऱ्हाण्यात आधी चार दिशा, मग शिवेवरचे राखणदार, मग पाण्याखाली गेलेले पूर्वज, मग सगळ्या वाड्या नावानिशी, आणि मग कुठं पोरांचा कॅन्सर. तोवर मंत्री जेवायला गेलेले असत. मी हळूहळू शहाणा झालो. मामा दिशा मोजत असतानाच मी कानडीत मुद्दा सांगून टाकायचो: लहान मुलांच्या कॅन्सरवर संशोधन व्हावं, त्याला राज्य सरकारनं पैसा द्यावा. मामांनी ते पकडलं. भर व्हरांड्यात मला म्हणाले, "मास्तर, तुमी मागचं म्होरं करताय. आदी राखणदाराचं नाव घ्या." मी कुजबुजलो, "अहो, मंत्र्यांना राखणदार म्हणजे काय कळायचं?" मामा म्हणाले, "न कळाय काय झालं? ह्येंचा पीए हाय तसा." पीएला मराठी येत होतं. तो हसला, आणि त्या दिवशी त्यानं आम्हाला आत सोडलं.

खातं कुठलं आहे याची मामांना फिकीर नसे. एकदा पशुसंवर्धन खात्याचे मंत्री आले. त्यांनी चांगुलपणानं समजावलं की माझ्याकडं फक्त गुरंढोरं येतात. मामांनी विचारलं, "गुरांच्या रोगावर शोध लावता न्हवं? पैसा मिळतोय न्हवं?" मंत्री म्हणाले, मिळतो. "मग आमच्या पोरांना वासरं म्हणून घ्या की," मामा म्हणाले. हे कानडीत सांगताना माझी जीभ अडखळली. मंत्र्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. दुसऱ्या एकानं हेलावून मामांच्या नावे मदत द्यायची तयारी दाखवली. मामांनी हात जोडले. "माज्यासाठी न्हाई मागितलं, सायबा. माजं झालं ते झालं. कशानं झालं, तेवडं शोधा." मोठ्या माणसांना हे समजत नसे. नात गेली आहे, माणूस गरीब आहे, आणि पैसे नको म्हणतो, तर याला पाहिजे तरी काय? मग काहीतरी दिलं पाहिजे म्हणून ते देत. मामांच्या गाऱ्हाण्यांमुळं आमच्या भागाला कायकाय मिळालं! वस्तीला पाण्याचा बोअर मिळाला. नंदिगड्ड्याकडं लसटोचणीची गाडी जाऊ लागली. अणशीच्या बाजूला औषधं ठेवायला एक खोली बांधली, तिच्यावर पाटी आली, मग कुलूप आलं आणि यथावकाश कंपाउंडरही आला. मागितलं नव्हतं ते सगळं मिळालं, मागितलं तेवढं राहिलं. मी वैतागून म्हणायचो, "मामा, आता पुरे. बोअर मिळाला, आता कॅन्सर सोडा." मामा शांतपणे म्हणत, "देवाकडं नवरा मागितला तर त्यो कवाकवा पाऊस देतोय. म्हणून नवरा मागायचं सोडायचं व्हय?"

अशी वर्षं गेली. सरकारं बदलली, मंत्री बदलले, मामांचा टॉवेल मात्र बदलला नाही. माझं कानडी या कामात इतकं तयार झालं की 'संशोधन' आणि 'अनुदान' हे शब्द मी झोपेत बोलतो, अशी तक्रार ही करू लागली. खरं सांगायचं तर मी मनापासून कंटाळलो होतो. शेवटीशेवटी मंत्र्यांची गाडी दिसली की मलाच ताप भरल्यासारखं होई. रुक्मा कधी आमच्याबरोबर येत नसे. बाप निघाला की ती त्याच्या टॉवेलात भाकरी बांधून देई आणि परत आला की काही विचारत नसे.

मग एकदा, नव्वद साल उलटून बरेच दिवस झाल्यावर, खरोखरचे आरोग्यमंत्री रामनगरात आले. दवाखान्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं, आमच्याच शाळेच्या मैदानावर मांडव होता. त्यांच्याबरोबर बेंगळूरच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या, लहान मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. योग्य खात्याचा माणूस अखेर सापडला म्हणून मामा पहाटेपासून अंघोळ करून बसले होते. पण तोवर ते म्हातारे झाले होते. मांडवात उभं राहून त्यांनी डोळे मिटले, चार दिशा घेतल्या आणि राखणदारांपाशी त्यांचा आवाज फाटला. एरवी अशा वेळी गाव सावरून घेई. त्या दिवशी मांडवात सगळी नवी पोरं होती, पँट-शर्टातली. त्यांना हे गावंढळ वाटत होतं. 'व्हय म्हाराजा' कुणी म्हणालं नाही. मागं कुणीतरी हसलं. मी घाईघाईनं माझं पाठ झालेलं कानडी म्हणून टाकलं. मंत्र्यांनी मान डोलावली आणि विचार करू म्हणाले. मामा तसेच उभे होते, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. त्या क्षणी मला त्यांची इतकी कीव आली की उठून त्यांना घरी घेऊन जावंसं वाटलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला रुक्मा उभी राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ कानडीत, बाजारात बोलते तसल्या साध्या कानडीत, ती मंत्र्यांना म्हणाली, "माझा बाप इतकी वर्षं तुमच्याकडं पैसे मागतोय असं तुम्हाला वाटतं. त्याला पैसे नकोत. माझी पोर रक्ताच्या कॅन्सरनं गेली. ती माझ्यामुळं गेली का, एवढंच त्याला विचारायचंय." मग तिनं ट्रकाची गोष्ट सांगितली, सगळ्या गावासमोर, एकाही शब्दाला आवाज खाली न करता. मंत्री डॉक्टरीणबाईंकडं बघू लागले. त्या म्हणाल्या, "नाही, ताई. तुमचं काही चुकलेलं नाही."

रुक्मानं विचारलं, "कशावरून? कुणी शोधलंय?"

मी आयुष्यात पुष्कळ हुशार प्रश्न ऐकले आहेत, विचारलेही आहेत. हा प्रश्न ऐकून मी खाली बघितलं. इतकी वर्षं मामांच्या शेजारी उभं राहून मी ज्या मागणीचा अर्थ सांगत होतो, तो मला त्या दिवशी कळला. बाई व्यासपीठावरून उतरून रुक्मापाशी आल्या. म्हणाल्या, "नाही शोधलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. का होतो ते आम्हाला अजून नीट ठाऊक नाही, आणि शोधायलाच पाहिजे. पण तुमच्यामुळं झालं असं जे म्हणतात, त्यांनी तरी कुठं शोधलंय? आम्हाला ठाऊक नाही, तसं त्यांनाही ठाऊक नाही." रुक्मा त्यांच्याकडं बघत राहिली. मग हळूच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मंगल गेल्यापासून तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. आणि मामा, ज्यांचा आवाज संपला होता असं आम्ही समजत होतो, ते गावाकडं तोंड करून वळले. त्या दिवशी त्यांनी गाऱ्हाणं देवाला घातलं नाही की सरकारला नाही. "ऐकलासा न्हवं?" ते म्हणाले, "कुणालाच म्हायत न्हाई! डाक्टरास्नी न्हाई, देवास्नी न्हाई, आणि तुमास्नीबी न्हाई!" ट्रकाची गोष्ट सगळ्यांत जास्त सांगणारी म्हातारी पुढच्याच रांगेत होती. ती उठली आणि रुक्माशेजारी जाऊन बसली. तिनं रुक्माच्या पाठीवर हात ठेवला.

मंत्र्यांनी भाषणात या विषयासाठी पैसा ठेवू असं सांगितलं. टाळ्या झाल्या. मंत्र्यांनी भाषणात सांगितलेल्या गोष्टींची पुढं काय वाट लागते हे मला चांगलं माहीत असल्यामुळं मी फारशी आशा धरली नाही. पण एकदोन वर्षांनी एका कानडी पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी दिसली, की मुलांच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी एका दवाखान्याला राज्य सरकारचं अनुदान मंजूर झालं आहे. रक्कम अशी होती की तिच्यात आमच्याकडचा छोटा पूलसुद्धा झाला नसता. ते मामांच्या गाऱ्हाण्यामुळं झालं की आपलं आपण झालं, देव जाणे. मी पेपर घेऊन मामांकडं गेलो. तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. मी दोनदा वाचून दाखवलं. मामांनी विचारलं, "कशाला दिला म्हणतायत? शोधाय?" मी म्हणालो, "शोधायला." मग मामा मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "मग आता त्येंना येळ द्या, मास्तर. सारकं सारकं जाऊन इचारू नगासा. लई नाजूक काम हाय." इतकी वर्षं सरकारच्या मागं ससेमिरा लावला होता तो जणू मीच! मला हसू आलं, आणि घरी आल्यावर रडू आलं. त्या पावसाळ्यात मामा गेले.

परवा रुक्माकडं गेलो होतो. ओसरीवर नंदिगड्ड्याकडची एक कोवळी पोर तान्हं मूल घेऊन बसली होती. मुलाला तापानं ग्लानी आली होती, आणि ती पोर रडत सांगत होती, ओटीत लिंबू असताना नदी ओलांडायची नसते, मी ओलांडली, माझंच चुकलं. बरोबर आलेली सासू मान हलवत होती. रुक्मानं ते मूल सरळ उचलून आपल्या खांद्यावर घेतलं, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाली, "तुजं काय चुकलंय ते तुला म्हायत न्हाई आणि तुज्या सासूलाबी म्हायत न्हाई. ऊठ. गाडी यायची येळ झालीय, आदी दवाखान्याला जाऊ." ती पोर डोळे पुसत तिच्या मागून निघाली. मी ओसरीवर एकटाच राहिलो. हे ऐकायला मामा हवे होते, असं मला फार फार वाटलं.